भंगारातून फिरते घर : भिंतींचा सांगाडा उभा राहिला

ट्रेलरवरील घराच्या चारही भिंतींचा सांगाडा आता उभा आहे. नव्या सामानाने बांधताना आधी नकाशा आणि मग खरेदी असा क्रम असतो. जुन्या सामानात तो उलटतो. पाडलेल्या इमारतीच्या लाकडी खिडक्या आधीच हाती असल्यामुळे भिंतीतील उभ्या पट्ट्यांचे अंतर त्यांच्याच मापाने ठरवले. काचेचा एक सुंदर दरवाजा मात्र सोडून दिला, कारण टफन केलेली, म्हणजे तापवून कडक केलेली काच नंतर कापता येत नाही.

या टप्प्यावर खरा प्रश्न वजनाचा आहे. 4 मिमी जाडीची काच प्रति चौरस मीटर 10 किलो भरते, आणि 18 मिमी प्लायवूडचा आठ बाय चार फुटी ताव 30 किलोंच्या पुढे जातो. म्हणून प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर ठेवून वहीत नोंदल्याशिवाय मी ती जागेवर बसवत नाही. खिडक्या दोन्ही बाजूंना वाटल्या. एकूण वजनाच्या सुमारे 10 ते 15 टक्के भार ट्रेलरला ओढणाऱ्या गाडीशी जोडणाऱ्या कड्यावर यायला हवा, कारण तो कमी पडला तर वेगात ट्रेलरचा मागचा भाग डोलू लागतो. त्यामुळे ओटा पुढच्या बाजूला घेतला, तर भरताना आणि रिकामी होताना तोल बिघडवणारी पाण्याची टाकी थेट चाकांच्या आसावर ठेवली.

आतल्या अस्तरासाठी पॅलेटच्या, म्हणजे मालवाहतुकीत माल ठेवण्याच्या लाकडी चौकटींच्या फळ्या वापरत आहे. त्यांवर ‘एचटी’ शिक्का असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवलेले असते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, आणि तशा फळ्या मी घरात घेत नाही. अर्थात, त्या पॅलेटवर पुढे काय सांडले हे कोणताही शिक्का सांगत नाही, तेव्हा डागाळलेल्या किंवा वास येणाऱ्या फळ्याही बाद. रंधा मारण्यापूर्वी प्रत्येक फळीवरून चुंबक फिरवावा. आत तुटून राहिलेला एक खिळा पात्याची धार घालवतो.

रस्त्यावरच्या हादऱ्यांनी खिळे सैल होतात, त्यामुळे सांध्यांना स्क्रू आणि गोंद, तर तळाच्या चौकटीला आरपार बोल्ट दिले आहेत. पुढचे काम छताचे. जुन्या पत्र्यांची भोके नळीच्या उंचवट्यावर असतील तर रुंद रबरी वॉशर लावून भागते. खोलगट भागातील भोकांचे पत्रे मात्र भिंतींसाठी बाजूला काढले आहेत.