नराऱ्याची ओहोटी

काल आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारची मंडळी नराऱ्याला होतो. जामनगरजवळ, कच्छच्या आखातातलं हे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ सालचं, देशातलं पहिलं. ओहोटी लागली की समुद्र मागे सरतो आणि आपण पायीच प्रवाळांपर्यंत पोचतो! घोटाभर पाण्यात गाईडने एका दगडाकडे बोट दाखवलं. तो दगड हलला, रंग बदलला आणि आठ पाय पसरून सरकला. ऑक्टोपस! काकू तर जागच्या हलेनात. पुढे खेकडे, समुद्रफुलं, अंग फुगवणारा केंड मासाही दिसला.

बडोद्याहून लांब पडतं, तरी मुलांना एकदा न्याच. ओहोटीची वेळ आधी बघा. आणि प्रवाळांवर पाय देऊ नका हो, ती जिवंत असतात! हिवाळ्यात जामनगरजवळच्याच खिजडिया अभयारण्यात पक्षी बघायला जायचंय. तिथे बांधाच्या एका अंगाला गोडं पाणी, दुसरीकडे खारं. कोण कोण येतंय?