पातळ थराची किंमत

भूगर्भशास्त्रात पुढे बरीच वर्षे गेली, पण गाळाच्या थरांचा पहिला धडा मला आपल्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांनी दिला, तोही पत्र्याच्या पन्हळीत. मागच्या पडवीत पन्हळ तिरकी ठेवून त्यांनी खालच्या टोकाला आडवा बांध घातला, पाणी भरले आणि आम्हांला वरून माती-रेती सोडायला सांगितली. गाळ पाण्याच्या पातळीपर्यंत चढला आणि तिथेच अडला. आम्ही ओतत राहिलो. माती पुढे खोलात घसरायची, थर वर वाढेना. सरांनी बांध बोटभर उंच करून आणखी पाणी घातले, तेव्हा तो पुन्हा चढू लागला. "माती किती आहे ते नंतर बघा, आधी तिला जागा किती आहे ते बघा," असे ते म्हणाले.

उथळ समुद्रातल्या मंचांवर, म्हणजे पाण्याखालच्या सपाट, विस्तीर्ण भागांवर, हेच चालते. तळ खचला किंवा समुद्र चढला की गाळाला जागा होते. जागा भरली की लाटा वरचा गाळ घुसळून बाहेर लोटतात. अटलांटिक महासागरातल्या बहामा बेटांच्या मंचावर साडेचार किलोमीटरहून जाड चुनखडी आहे आणि ती मुख्यतः उथळ पाण्यातच तयार झाली. तळ सावकाश खचत गेला, तसा वरून चुना भरत गेला.

गोव्यासमोर किनाऱ्यालगत मांडवी-जुवारीसारख्या नद्यांचा चिखल साचतो. दूर, खंडमंचाच्या (किनाऱ्यापुढच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेकडे मात्र जुनी रेती आणि झिजलेले शिंपले सापडतात. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, म्हणजे किनारा तिकडे होता. पाणी चढले, नद्यांची मुखे मागे हटली आणि तिथे जागा असूनही नवा गाळ फारसा पोचेनासा झाला, म्हणून थर पातळच राहिला.

असा पातळ थर मला फार मोलाचा वाटतो. जाड थर एका वादळातही पडू शकतो. वीतभर थरात हजारो वर्षे मावलेली असतात. किड्यांनी पोखरलेली कवचे, ग्लॉकोनाइट या समुद्रतळावर बनणाऱ्या खनिजाचे हिरवे कण दिसले की तिथे समुद्रतळ गाळाखाली न गाडला जाता दीर्घकाळ तसाच पडून होता, असा अंदाज बांधता येतो.

वहीत आम्ही सगळे थर सारख्या जाडीचे काढायचो. सर ते खोडायला लावत. थर कुठे निमुळता होतो आणि का, हे शेजारी लिहायचे. माझ्या हाताखालच्या मुलांनाही मी तेच सांगतो: जागा संपली, गाळ पोचलाच नाही, की साचलेला गाळ लाटांनी नंतर नेला? निमुळत्या टोकाशी कारण लिहिलेले नसेल, तर आराखडा मी परत देतो.