गिअरबॉक्स नव्हे, वीतभर होज

१९९६ची लँड क्रूझर ८०, साडेचार लिटरचं पेट्रोल इंजिन, चार गिअरचा ऑटोमॅटिक. शारजाजवळच्या अल बदायरच्या वाळवंटात, वाळूत गिअर ऑइल तापल्याचा दिवा लागला आणि थोड्या वेळाने ‘डी’ टाकूनही गाडी हलेना. टोचन करून शारजाला आमच्याकडे आणली तेव्हा मालकाने गिअरबॉक्स गेलाच असं धरलं होतं. आधीच्या गॅरेजनेही न उघडता तेच सांगितलं होतं. अशा निदानाचा मला राग येतो.

मी आधी रेडिएटरखाली पाहिलं. गिअरबॉक्सकडून आलेले दोन लोखंडी पाइप तिथे वीतभर रबरी होजने कूलरला, म्हणजे रेडिएटरमधल्या ऑइल थंड करणाऱ्या भागाला, जोडलेले असतात. परतीच्या पाइपवर कुणीतरी पाण्याचा होज कापून बसवला होता. ते रबर गिअर ऑइलमध्ये फुगतं, मऊ पडतं. त्यावर पेचाची क्लिप. मूळची स्प्रिंग क्लिप रबर नरम पडलं तरी दाब धरून ठेवते. पेचाची सैल होते, लोक ती पुन्हा आवळतात आणि पट्टीच्या खाचा रबरात घुसतात. इथे तिने होज जवळजवळ कापलाच होता. ऑइल कमी झालं, पंप हवा ओढू लागला, दाब पडला, गिअरबॉक्सच्या आतले, ऑइलच्या दाबावर पकडणारे क्लच घसरले. त्यात वाळूत इंजिन जोरात आणि चाकं संथ, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) उष्णता सगळ्यात जास्त.

पॅन, म्हणजे गिअरबॉक्सखालचं ऑइलचं भांडं, उतरवला. त्यातल्या लोखंडी कण धरणाऱ्या चुंबकांवर करडा मऊ लेप होता, तो चालतो. चमकणारे कण किंवा क्लचचे काळे तुकडे असते तर वेगळं बोलणं झालं असतं. ऑइल तपकिरी, किंचित जळका वास. दुधाळ गुलाबी नव्हतं, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी आत शिरलेलं नाही. गाळणी व गॅस्केट नवी, पॅनचे बोल्ट जेमतेम ७ न्यूटन-मीटरला. जास्त आवळले की पॅनची कड वाकते आणि गळती कायमची.

होज ऑइलचाच, पाइपच्या उभट कडेपलीकडे सरकवून मग क्लिप. ऑइल डेक्स्रॉन-३, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचं जनरल मोटर्सचं मानक. कंपनीने त्याचे परवाने २००६ अखेर बंद केले, त्यामुळे आज डब्यावरचं ते नाव म्हणजे बनवणाऱ्याचा स्वतःचा शब्द. स्वस्त डबा मी घेत नाही. पातळी बघताना ऑइल ७०-८० अंशांवर, इंजिन चालू, लिव्हर ‘पी’पासून ‘एल’पर्यंत नेऊन परत ‘पी’मध्ये, मग डिपस्टिकची ‘हॉट’ खूण. थंड गाडीवर ‘हॉट’पर्यंत भरलं तर तापल्यावर ऑइल जास्त होऊन फेसाळतं.

मालकाला परतीच्या पाइपातून सगळं ऑइल एका दमात बदलून हवं होतं. मी नाही म्हणालो, पॅनमधून टप्प्याटप्प्याने बदलू. घासलेल्या क्लचवर एकदम सगळं नवं ऑइल घालावं का, यावर आमच्या गॅरेजातही दोन तट आहेत. गाडी आता चालते. पण तापल्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन क्षणभर मोकळं फिरतं. ही झीज जुनी की त्या दुपारची, हे पॅन बघून ठरत नाही. तोवर रेडिएटरनंतर वेगळा कूलर जोडायचा आणि वाळूत लो रेंजच (फोर-व्हीलचे जास्त ताकदीचे, संथ गिअर) वापरायची, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.