आरवलीतली ती दुपार

मालवणहून ओल्ड गोव्याला चालत जायचं म्हणजे नोव्हेंबर संपता संपता निघायचं आणि सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, ३ डिसेंबरच्या फेस्ताआधी (सणाआधी) पोचायचं. कुठल्या दिवशी कुठे मुक्काम होता हे मला आता नीट सांगता येणार नाही, पहाटेची जपमाळ, टपरीवरचा चहा, टेम्पोत टाकलेल्या बॅगा, परत जपमाळ, सगळं एकात एक मिसळून गेलंय. परुळं गेलं, वेंगुर्लं गेलं. पण एक दुपार अख्खीच्या अख्खी आठवते.

मोचेमाडची चढण संपली तेव्हा बारा वाजून गेले असतील. नोव्हेंबर असला तरी आपल्याकडे पहाटे गारवा आणि दुपारी घाम, डांबर तापलेलं, माझ्या उजव्या टाचेला मोठा फोड आणि अंगठ्याखाली दुसरा, तो फुटून मोजा चिकटलेला. पुढे ग्रुपमधल्या एका पोराचा ब्लूटूथ स्पीकर फुल आवाजात चालू, मला शांतपणे रोझरी म्हणायची होती आणि प्रत्येक नमो मरियेत त्याचं गाणं घुसत होतं, इतका राग येत होता की विचारू नका. आणि सगळे पळत होते. संध्याकाळच्या आत शिरोडं गाठायचंय, चला चला. मागे राहिलो फक्त मी आणि सत्तरी पार केलेले एक अंकल. मारियामातेचं नाव घेत घेत आपण एका म्हाताऱ्या माणसाला मागे टाकून जातोय हे कोणाला कसं टोचत नाही, हेच डोक्यात फिरत होतं. त्यात अंकल गप्प बसणारे नव्हते, चहा पांचट, फादरचं प्रवचन लांबलं, स्पीकरवाला पोरगा बिघडलेला, आणि तू असा लंगडत काय चालतोस.

आरवलीत एका घराच्या गडग्याआड एक बाई अंगण झाडत होत्या. माझ्या आईपेक्षा मोठ्या असतील. त्यांनी माझं चालणं बघितलं, झाडू भिंतीला लावला आणि म्हणाल्या, "ये झिला, बस हंयसर." कोण, कुठचे, काही विचारलं नाही. न्हाणीतलं गरम पाणी बादलीत आणलं, त्यात मूठभर जाडं मीठ टाकलं, शिरोड्याचं, १९३० ला सत्याग्रह झाला त्याच मिठागरांच्या गावचं. पाय आत घातला आणि जीव कळवळला. मग त्या चक्क खाली बसल्या आणि माझा पाय मांडीवर घेऊन पुसायला लागल्या, मी मागे ओढला तर गुडघ्यावर एक चापट मारली. "दुसरो फोड फोडू नको हां, पिकतलो."

आमच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. ते बाराही जण घरून स्वच्छ पाय घासून येतात. इथे घाम, धूळ, रक्त, सगळं होतं, आणि त्या बाईंच्या चेहऱ्यावर आठीसुद्धा नव्हती.

जुन्या लुगड्याची पट्टी फाडून त्यांनी पाय बांधला. चहा दिला. अंकल म्हणाले साखर जास्त झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्या उठल्या आणि त्यांच्यासाठी दुसरा करून आणला, बिनसाखरेचा. निघताना विचारलं, "खंय जातात?" सायबाच्या फेस्ताक, म्हटलं. त्या हसल्या, "आमचो गावदेव वेतोबा पण रात्री फिरता, वहाणा झिजतत त्याचे, लोक नवे हाडून देतत. तू तर माणूस." मग जरा थांबून, "माझो झील जहाजार आसा. त्येच्यासाठी एक मेणबत्ती लाव."

रस्ताभर मी हेच घोळवत होतो. आपल्यात पुरुष माणसाची दया म्हणजे पावती फाडणं, मयताला खांदा देणं, फेस्ताच्या जेवणाला हातभार लावणं. तेही हवंच, मी करतो. पण वाकून कोणाचा पाय हातात घेणं, एखाद्या आजाऱ्याचं अंग पुसणं, हे आपण बायकांवर आणि नर्सवर सोडून दिलंय. ज्या संताकडे चाललो होतो तो ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला तेव्हा पोपचा प्रतिनिधी म्हणून आलेला, कुठल्याही वाड्यात राहू शकला असता. राहिला हॉस्पिटलात. आजाऱ्यांच्या शेजारी झोपायचा, त्यांची सेवा करायचा, मग घंटा वाजवत रस्त्यावरून मुलांना धर्मशिक्षणाला गोळा करायचा. त्याच्या अवशेषांसमोर आपण तासन्‌तास रांग लावतो, पण त्याच्या दिवसातलं एक तरी काम आपण आपल्या हाताने करतो का?

मग अंकलची पिशवी माझ्या खांद्यावर आली. त्यांच्या वेगाने चालायचं ठरवलं आणि ते फोडापेक्षा कठीण निघालं, कारण ते दर दहा मिनिटांनी थांबत आणि थांबले की तक्रार सुरू. गोड माणसाशी चांगलं वागायला काय लागतं. त्यांच्या बुटाची नाडी सुटली की मी बसून बांधायचो, तेव्हाही ते घट्ट झाली म्हणायचे. थँक्यू एकदाही नाही. म्हणावं असं मला वाटत होतं, अजूनही वाटतं.

आरोंदा, किरणपाणीचा पूल, पुढे चोपडे-शिवोलीचा पूल, म्हापसा, पर्वरी. मांडवी ओलांडून रायबंदरच्या जुन्या बांधावरून चालताना दोन्ही बाजूंनी खाऱ्या पाण्याचा वास येत होता आणि अचानक मला रडूच आलं, का ते माहीत नाही. अंकलनी काही न बोलता खिशातला रुमाल काढून दिला.

ओल्ड गोव्यात तोबा गर्दी. जहाजावरच्या त्या मुलासाठी मेणबत्ती लावली, नाव माहीत नव्हतं, आरवलीच्या बाईंचा झील एवढंच म्हटलं. अंकल म्हणाले, मोठी घ्यायची होतीस.

आता पुढच्या वर्षीचं बोलणं चालू झालंय. अंकलचं म्हणणं, स्पीकरवाल्या पोराला मागे आपल्याबरोबर ठेवायचं, स्पीकर काढून घ्यायचा नाही, फक्त आवाज कमी करायला सांगायचं आणि पिशवी त्याच्या खांद्यावर द्यायची. मी रविवारी मिस्सानंतर त्या पोराशी बोललो. हो म्हणालाय.