आमची वाटचाल: ऑकलंडच्या गॅरेजमधून बेटांची नाणी

दुकान म्हणजे काय, ऑकलंडला गॅरेजमधलं एक कपाट आणि एक वेबसाइट, मी आणि बायको दोघंच बघतो. नाशिकहून आणलेली शिवराई नाणी विकायची असा मूळ बेत होता पण इथे शिवराई कोण विचारतंय, जो तो विचारायचा निउए या पॅसिफिकमधल्या बेटाचं स्टार वॉर्सवालं नाणं आहे का, 2011 ला न्यूझीलंड मिंट या टांकसाळीने काढलेलं. मग म्हटलं चला हेच करू.

आता निउए म्हणजे बेटावर माणसं दोन हजारसुद्धा नाहीत, रोजच्या व्यवहाराला न्यूझीलंडचाच डॉलर, पण चांदीच्या नाण्यांवर नाव त्यांचं. पाडतात काही इथेच ऑकलंडला, काही पोलंडला, काही चेक देशात, आणि नाव वापरू दिल्याची रॉयल्टी निउएला मिळते. तुवालू या दुसऱ्या बेटदेशाची बरीचशी ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून येतात. मला स्वतःला पलाऊ या तिसऱ्या बेटदेशाची 1992 ला सुरू झालेली समुद्री जीवांची सिरीज आवडते, त्यात रंगीत मासे आहेत, आणि गंमत म्हणजे पलाऊमध्ये चालतो अमेरिकन डॉलर.

दिवाळीच्या आधी आपल्या लोकांचे फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "अहो यावर 2 डॉलर लिहिलंय आणि तुम्ही एवढे कसे मागता?" त्यांना सांगतो की काका, आत एक औंस म्हणजे 31.1 ग्रॅम 999 चांदी आहे, ते 2 डॉलर कायद्यापुरते, बाकी जे देताय ते डिझाइनचे, डबीचे आणि कमी नग काढलेत त्याचे. मोडायला गेलात तर चांदीचाच भाव येणार, गुंतवणूकच करायची असेल तर सरळ साधा बार घ्या. हे ऐकून निम्मे लोक फोन ठेवतात, ठेवू देत.

डोक्याला ताप म्हणजे मिल्क स्पॉट. सीलबंद कॅप्सूलमधल्या कोऱ्या नाण्यावर पांढुरके डाग उमटतात, आणि एका सप्लायरने तर "चांदी आहे, होतं असं" म्हणून हात वर केले. तेव्हापासून प्रत्येक नाणं दिव्याखाली तिरकं धरून बघितल्याशिवाय बायको पॅक करत नाही.

गिऱ्हाइकं बहुतेक जर्मनी, अमेरिकेतली. निउएचे लोक खरं तर बेटापेक्षा ऑकलंडमध्येच कितीतरी जास्त राहतात पण घ्यायला क्वचितच येतात. मध्ये एक आजी आल्या नातवाला घेऊन, मिकी माउसचं दाखवलं तर म्हणाल्या उंदीर नको, आमच्या बेटाचं काहीतरी दाखव. कपाटात तसं एकही नव्हतं, आता शोधून मागवतोय.