माणिक चौक, संध्याकाळ

लेकाच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती. झोप येत नाहीये, तेच डोळ्यांपुढे येतंय.

घराच्या कागदांसाठी नंदुरबारला आलेय. त्यावर नंतर लिहीन, आज नको. मिरचीच्या पथाऱ्यांवरून परतताना त्याला माणिक चौकात नेलं, शिरीषकुमारचं स्मारक दाखवायला. वाटेत सगळं सांगितलं. 9 सप्टेंबर 1942, 'चले जाव'ला बरोबर महिना झालेला. तिरंगा घेऊन निघालेली पोरं. पोलिसांनी मुलींवर बंदूक रोखली तेव्हा पुढे झालेला, गोळ्या लागून गेलेला शिरीष. शाळेत ओरडायचो ती गुजराती घोषणाही म्हणून दाखवली, 'नहि नमशे, नहि नमशे, निशाण भूमि भारतनुं'. आवाज भरून आला माझा, दर वेळी येतो.

"किती वर्षांचा होता?"

"पंधरा पूर्ण. सोळावं चालू."

"माझ्याएवढा."

तेवढ्यात कसलीशी मिरवणूक आली. ढोल, गुलाल, दोन पोलीस. लेक बघायला दोन पावलं पुढे गेला आणि मी त्याचं मनगट धरून मागे ओढलं. जोरात. स्मारकासमोरच. तो काही बोलला नाही, फक्त बघितलं माझ्याकडे.

एकटीने वाढवलंय मी याला. तेवढा तरी हक्क... असो.

आम्हाला शिरीष म्हणजे वरच्या वर्गातला दादा वाटायचा. पुढे होणाऱ्याचा अभिमान धरायचा, एवढंच शिकले मी या गावात, आणि आज पहिल्यांदा माझा मुलगा पुढे झाला तर हात आपोआप गेला. शिरीष घरून निघाला तेव्हा त्याच्या आईने त्याला अडवलं असेल का? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. अडवलं असेल तर त्याने हात सोडवून घेतला असेल. ते मनगट.

रात्री अंथरुणावर लेकाने विचारलं, त्याच्याबरोबर अजून कोण गेले? लालदास, धनसुखलाल, शशिधर केतकर... चौथं नाव येईना. फार लाज वाटली.

"घनश्यामदास," आई अंधारातून म्हणाली. मला वाटलं होतं ती झोपलीये. मग थोड्या वेळाने म्हणाली, "प्रभातफेरीला तुला सोडायला यायचे ना, तर शाळेच्या फाटकापर्यंत हात सुटायचा नाही माझ्याने."

उद्या पुन्हा चौकात जायचं म्हणतोय, पाचही नावं तिथे म्हणायला. जाऊ. मनगट मी धरणारच, मला माहीत आहे. जरा हळू धरीन.