स्मेलहोम: तोफांनी नव्हे, शांततेने ओस पाडलेली गढी

सँडीनाऊ नावाच्या शेतावरून गाडी नेताना आपण कुणाच्या तरी परड्यात घुसलोय असंच वाटतं. दोन्ही बाजूंना गोठे, मधे उभा ट्रॅक्टर, आणि नकाशा मात्र ठामपणे पुढे जा म्हणतो. बिचकू नका, वाट तीच आहे. शेत मागे पडलं की काळ्या खडकावर एकटा, चौकोनी, वीसेक मीटर उंच मनोरा दिसतो. हाच स्मेलहोम टॉवर.

किल्ला म्हणून बघायला गेलात तर हिरमुसाल. ना खंदक, ना बुरुजांची माळ. स्कॉटलंडच्या सीमाभागातली ही 'टॉवर-हाउस', म्हणजे आपल्या भाषेत गढी. दगडही ओळखीचा, काळा बेसाल्ट. फक्त दारं-खिडक्यांच्या चौकटी लाल वालुकाश्माच्या. खाली कोठार, वर दिवाणखाना, त्यावर झोपायच्या खोल्या, असं एकावर एक रचलेलं घर. पंधराव्या शतकात ते प्रिंगल घराण्याने बांधलं. हे लोक डग्लस सरदारांच्या पदरचे.

अशी घरं का लागायची, ते वर गेल्यावर कळतं. चिंचोळा गोल जिना चढून छपरालगतच्या कठड्यापाशी या. दक्षिणेला चेव्हिअट डोंगर दिसतात, त्यांच्या माथ्यावरून इंग्लंडची हद्द जाते. तिकडून टोळ्या यायच्या, गुरं हाकून न्यायच्या. इकडचेही तिकडे जाऊन तेच करायचे. या घोडेस्वार लुटारूंना रीव्हर म्हणत, आणि त्यांत बऱ्या घरचे लोकही असत! 1535 साली तर स्कॉटिश संसदेने कायदाच केला: सीमेवरच्या मातब्बर जमीनदाराने प्रत्येक बाजू साठ फूट असं चौकोनी दगडी आवार बांधावं, म्हणजे संकटात कुळं आणि माल आत घेता येईल. त्या आवाराला बार्मकिन म्हणतात. स्मेलहोमच्या बार्मकिनच्या भिंती आता पडक्या आहेत, पण आखणी पायाखाली स्पष्ट कळते.

मला सगळ्यात आवडली ती कठड्यावरची पहारेकऱ्याची जागा. धुराड्याला पाठ लागेल अशी दगडी बैठक, शेजारी दिवा ठेवायला कोनाडा. खाली दिवाणखान्यात जाळ पेटला की वर याची पाठ शेकायची. मी बसून पाहिलं. आता दगड गारढोण, आणि वारा असा की ओढणी तोंडावरून हटेना. बांधणाऱ्याला मात्र रात्रपाळीची कदर होती.

पडझडीची गोष्ट मला वेगळीच वाटली. 1513 मध्ये इंग्रजांशी झालेल्या फ्लॉडनच्या लढाईत या घरचे पुरुष पडले, 1540 च्या दशकात इंग्रजांनी परिसर लुटला, तरी गढी नांदती राहिली. तिला ओस पाडलं ते शांततेने. 1603 मध्ये स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला, सीमा राज्याच्या मधोमध आली आणि रीव्हरांचा बंदोबस्त झाला. मग दोन-दोन मीटर जाड भिंतींत, अंधारात कोण राहील? सतराव्या शतकात गढी हार्डनच्या स्कॉट घराण्याकडे आली. त्यांनी आवारात बेताचं घर उभारलं, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला खालच्या सँडीनाऊला मुक्काम हलवला. रिकाम्या घराचं जे होतं तेच झालं.

त्याच शेतावर पुढे एक लंगडं पोर आलं. पुढे कवी-कादंबरीकार म्हणून गाजलेला वॉल्टर स्कॉट, जन्म 1771, दीड वर्षाचा असताना पोलिओने उजवा पाय गेलेला. आजोबांच्या घरी उपाय म्हणून त्याला नुकत्याच सोललेल्या मेंढीच्या ऊबदार कातड्यात गुंडाळून ठेवायचे! पाय काही सुधारला नाही, पण आजी आणि आत्याने सांगितलेल्या लुटीच्या गोष्टी डोक्यात बसल्या. मोठेपणी गढी ढासळताना पाहून त्याने मालक असलेल्या नातलगाला ती वाचवायची गळ घातली आणि बदल्यात इथलंच पोवाड्यासारखं कथाकाव्य लिहून दिलं. आज आत त्याच्या काव्यांवरच्या बाहुल्या मांडल्यात. लेकीला त्या फार आवडल्या. मला रिकाम्या भिंती चालल्या असत्या.

जायचं असेल तर: एडिंबराहून ट्वीडबँकपर्यंत तासाभरात रेल्वे आहे, पण बस गढीच्या पायथ्याशी येत नाही. आम्ही पहिल्यांदा या भानगडीत पडून अर्धा दिवस घालवला. गाडीच घ्या, किंवा परतीच्या वेळेसकट टॅक्सी ठरवा. जवळच्या केल्सो गावाहून अंतर दहाएक किलोमीटर. आतला भाग साधारण उन्हाळ्यातच उघडा असतो आणि कधी दुरुस्तीसाठी बंदही ठेवतात, म्हणून निघण्याआधी गढीची देखभाल करणाऱ्या हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड या संस्थेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. बाहेरून मात्र केव्हाही पाहता येते. चहापाणी मिळत नाही, डबा न्या. खडक ओला असला की निसरडा, त्यामुळे चपला नकोत. गुडघे कुरकुरत असतील तर जिन्याच्या वाटेला जाऊ नका, खालचं तळंही छान आहे. उरलेल्या वेळात ड्रायबरा ॲबी हा जुना पडका मठ करा, स्कॉटची समाधी तिथेच आहे.

आणि फाटक उघडलंत तर कडी लावा. आम्ही विसरलो होतो. शेतावरच्या बाईंनी खिडकीतूनच हाताने खूण केली, आणि मी मेंढ्यांच्या देखत धावत परत गेले.